हिंगाच्या डबीतले भावोजी

श्रीपाद "सोपं आहे" म्हणाला की घरातली जाणती माणसं मनातल्या मनात रामरक्षा सुरू करत. जर्मनीत बोब्लिंगेनजवळच्या एका कारखान्यात तो प्लॅनिंगला होता, आणि नीट आखलं तर जगातलं कुठलंही काम फसत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

"ताई, अर्ध्या तासाचं काम आहे," तो बहिणीला म्हणाला. "नदीत उतरायचं, डबी उलटी करायची, नमस्कार करायचा आणि गाडीत बसून जेवायचं. तू फक्त डब्यात पोळ्या घे."

डबीत भावोजी होते.

सगळे नव्हते, थोडेसेच. शुभदाताईचे यजमान नरेंद्र एप्रिलमध्ये कॅन्सरने गेले. जाताना त्यांनी एकच मागणं मागितलं, "मला थोडंसं नागोल्डमध्ये सोड." नागोल्ड ही ब्लॅक फॉरेस्टमधली ट्राउट माशांची नदी. तिथे भावोजी दर शनिवारी गळ घेऊन जात. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, ताईचा वाढदिवस असो, शनिवार नदीचा! ताई तिला सवत म्हणायची, आणि हे ती हसत म्हणत नसे.

पण जर्मनीत मेल्यावरही माणसाला शिस्त चुकत नाही. अस्थी फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत पुरायच्या, नदीत सोडायला सक्त मनाई. भारतात न्यायची परवानगी मिळाली म्हणून कलश नाशिकला रवाना झाला. त्याआधी ताईने मात्र स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सीलबंद झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. इथे अस्थी दळून देतात, गिरणीतून आणल्यासारख्या. त्यातले मूठभर भावोजी तिने हिंगाच्या रिकाम्या डबीत काढून घेतले.

तिचा जीव खालीवर होत होता तो दहाव्यापासून. बाल्कनीत पिंड ठेवला होता. समोरच्या झाडावर कावळे रांगेत बसले होते, पण एकही शिवेना. श्रीपादने हात जोडून सांगितलं, "भावोजी, ताईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म! "टॅक्सचे कागद मी भरीन." एका कावळ्याने तर चक्क पाठ फिरवली. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यावी लागली. "ह्यांचा जीव अडकलाय रे," ताई म्हणाली, आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

श्रीपादने मुहूर्त काढला तो वर्ल्ड कपमधल्या जर्मनीच्या पहिल्या मॅचचा. अख्खा देश टीव्हीपुढे असताना नदीवर चिटपाखरूही असणार नाही! तरी संशय नको म्हणून त्याने भावोजींचा सगळा जामानिमा चढवला. छातीपर्यंतची रबरी विजार, खिसेच खिसे असलेलं जाकीट, टोपी आणि हातात रॉड. भावोजी सहा फुटी होते. बुटक्या श्रीपादला ती विजार गळ्याशी बांधावी लागली.

पाणी मांड्यांपर्यंत आलं. ताई काठावरच्या बाकावर हात जोडून बसली होती. श्रीपादने डबीचं झाकण उघडलं.

"पेट्री हाइल!"

मासेमारांचा रामराम तो. काठावर एक म्हातारा उभा होता, आणि त्याच्या छातीवर बिल्ला होता. सगळ्या जर्मनीत फुटबॉलचा तिटकारा असलेला बहुधा हा एकच माणूस, आणि तोच नेमका या नदीचा देखरेखवाला निघाला! श्रीपादने झाकण दाबून डबी जाकिटाच्या खिशात कोंबली.

"ही टोपी मी ओळखतो," म्हातारा म्हणाला. "नरेंद्रची. मी हेबरले. कुठे आहे तो? या वर्षी एकदाही दिसला नाही."

खरं सांगावं तर अस्थींची चोरी उघडी पडणार. श्रीपाद घाबरून म्हणाला, "भारतात गेलेत. म्हणजे बरेचसे."

"आल्झो, म्हणजे बराच काळ राहणार म्हणायचा. तुमचा परवाना?"

परवाना! प्लॅनमध्ये तेवढाच राहिला होता. विनापरवाना गळ टाकणं हा इथे गुन्हा आहे. पोलीस, झडती, हिंगाची डबी, आणि भावोजी पुराव्याच्या पिशवीत. श्रीपादला सगळं रांगेने दिसलं.

"मी त्यांचा मेव्हणा, नुसता शिकतोय," तो कसाबसा म्हणाला.

हेबरलेंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की पोलीस परवडले असते. "मग रॉड माझ्याकडे द्या. नरेंद्रच्या मेव्हण्याला मी शिकवतो!" म्हणत तेही पाण्यात उतरले.

त्यांनी भावोजींची माश्यांची पेटी उघडली. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या या खोट्या माश्या, भावोजींनी स्वतः बांधलेल्या. हेबरले समजावू लागले. "ही ड्राय फ्लाय. पाण्यावर कोरडी तरंगते, पूर्ण वाढलेल्या किड्यासारखी. आणि हा इमर्जर. किडा तळातून वर आलाय, कात सुटतेय, पंख अजून उघडले नाहीत. अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. निवडा."

श्रीपादने सगळ्यात देखणी ड्राय फ्लाय निवडली. हेबरलेंनी ती अलगद टाकली. मोठा ट्राउट वर आला, माशीच्या खाली थबकला, बघितलं आणि वळून गेला.

"दहाव्याला असंच झालं होतं," ताई काठावरून म्हणाली.

पुन्हा टाकली, पुन्हा तेच. माशी भिजून बुडायला लागली. "हिला पावडरीत घोळून वाळवायला हवं," हेबरले म्हणाले. "पावडर? अहो, ही काय तुमच्या खिशात!"

श्रीपादचा हात पोचायच्या आत त्यांनी डबी उघडली होती. माशी आत टाकली, झाकण लावून खडखड हलवली, बाहेर काढून फुंकर मारली. करड्या धुरळ्याचा एक लहानसा ढग उठला. थोडा नदीवर गेला, थोडा श्रीपादच्या मिशीवर बसला. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. भावोजींच्या बाबतीत एवढा मुकाट तो आयुष्यात प्रथमच राहिला होता.

"मासा मानत का नाही?" ताईने जर्मनमध्ये विचारलं. ती आता पाण्याच्या कडेला येऊन उभी होती.

"बघा, नाक वर येत नाही, बुडबुडा उरत नाही, नुसती पाठ दिसते, म्हणजे तो पाण्याच्या जरा खालचं खातोय. त्याला पूर्ण सुटलेला किडा नकोय. जो अजून अडकलाय तोच हवाय." हेबरलेंनी इमर्जर लावला, चिमटीने फक्त त्याच्या वरच्या अंगाला पावडर चोळली आणि गळ फेकला. माशी अर्धी बुडून, अर्धी वर, प्रवाहाबरोबर येऊ लागली.

श्रीपाद ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "भावोजी, ताईची काळजी करू नका. गाडीसुद्धा विकणार नाही." ट्राउट हलला नाही.

मग ताई बोलली, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. "अहो, जा आता. मी रागावले नाहीये. इतकी वर्षं शनिवारची कुरकुर केली, ती सगळी मागे घेतली. जा तुम्ही तिच्याकडे."

पाण्याला हलकीशी घडी पडली. माशी ट्राउटच्या तोंडात गेली.

श्रीपाद विजारीसकट मट्‌कन खाली बसला आणि विजारीत नदी भरली. ताई रडत होती, हुंदके देऊन, एप्रिलपासून रडली नव्हती तशी. मासा ओढून घेता घेता हेबरलेंना वाटलं, बाई त्याच्यासाठी रडतात. पण नियम म्हणजे नियम, मापात बसलेला मासा परत सोडता येत नाही. त्यांनी एकच टोला घातला, संपवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून अदबीने पुढे केला.

"तुम्हीच न्या," ताई डोळे पुसत म्हणाली. "आमच्याकडे चालत नाही."

"मनापासून आभार. लोणी टाकून परततो, आज रात्रीच." श्रीपाद पाण्यातून उठत होता, तो परत बसला. "पण ही पावडर! तीस वर्षांत अशी बघितली नाही. कुठल्या कंपनीची?"

"घरगुती आहे," श्रीपाद म्हणाला.

"गेनाऊ, बरोबर, मला वाटलंच! नरेंद्र लबाड, बोलला नाही कधी. थोडी मिळेल का?"

श्रीपाद नाही म्हणायला तोंड उघडतोय तोवर ताईने डबीच त्यांच्या हातात ठेवली.

गाडीत सीटवर पाणी ठिबकत होतं. गावागावांतून जर्मनीने गोल केल्याचे हॉर्न वाजत होते. श्रीपादला राहवेना.

"ताई, अगं काय केलंस हे? तो म्हातारा आता दर शनिवारी भावोजींना घेऊन नदीवर जाणार!"

ताईने पोळ्यांचा डबा उघडला, एक पोळी त्याच्यासाठी गुंडाळली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "शनिवारी हे घरी होते कधी?"