मौन : सायंकाळी चार ते सात

अंबरीश हॉस्टेलात राहायला गेला तो शांततेसाठी. हसू नका. तुमच्या आईचं भजनी मंडळ असतं, तर तुम्हीही गेला असता.

जबलपुरात रांझीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये त्याचं घर. दर गुरुवारी संध्याकाळी प्रतिमाताईंचं मंडळ तिथे बसायचं. बारा बायका, एक पेटी, एक ढोलकी आणि टाळांचे सहा जोड. उरलेले सहा दिवस गुरुवारची तयारी. "या गोंगाटात गणित काय डोंबल होणार?" असं म्हणून अंबरीशने एक दिवस गादी गुंडाळली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिलवाऱ्याकडे, आपल्या कॉलेजच्या हॉस्टेलात जाऊन पडला. (गणित त्याचं दोनदा राहिलं होतं. त्यातल्या एका वेळी अख्खं मंडळ महिनाभर यात्रेला गेलं होतं, पण हे त्याने कोणाला सांगितलं नाही.)

वडिलांनी, म्हणजे रत्नाकररावांनी, एकच अट घातली. "नोव्हेंबरात गणिताचा पेपर निघाला तर राहा खुशाल. नाही निघाला तर गादीसकट परत ये."

आता हॉस्टेल म्हणजे काय विचारता! वरच्या मजल्यावर कोणीतरी दिवसभर पलंगच सरकवत असायचं. व्हरांड्यात प्लास्टिकच्या बादलीचा स्टंप करून क्रिकेट. शेजारच्या खोलीत सौमित्र गिटार शिकत होता, आणि दीड वर्षात एका गाण्याच्या पहिल्या ओळीपर्यंत पोचला होता. तीच ओळ. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. अंबरीशला हे सगळं मनापासून आवडायला लागलं. महिन्याभरात मजल्याचा कॅरमबोर्ड त्याच्याच पलंगाखाली राहायला आला. तो पुस्तक उघडायचा, दारातून कोणीतरी डोकवायचं, "काय बड्डे, एक बोर्ड?" (जबलपुरात जो तो बड्डे, म्हणजे मोठा भाऊ), आणि अंबरीश पुस्तक मिटायचा. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून म्हणून निघत नसे.

दसरा झाला. पेपर पाच आठवड्यांवर आला. परत गादी गुंडाळायची या धास्तीतच त्याला आईचा नेम आठवला. चातुर्मासात प्रतिमाताई मौन धरून जेवत. वर्षाकाठी घरात जी काही शांतता व्हायची, ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर कागद लागला : 'चातुर्मास व्रत। मौन, शाम ४ से ७।'

"ये क्या है भैया?" अनिमेषने विचारलं. हा सिहोऱ्याचा, त्याचा रूममेट. भलताच श्रद्धाळू पोरगा.

"हम मराठी लोगों में होता है," अंबरीश गंभीर चेहरा करून म्हणाला. "कार्तिकी एकादशी तक." (पेपर एकादशीनंतर दोन दिवसांनी होता. चातुर्मास निम्म्याहून जास्त सरला होता, पण सिहोऱ्याला कुठे ठाऊक!)

पहिले दोन दिवस अगदी दृष्ट लागण्यासारखे गेले. तिसऱ्या दिवशी अनिमेषने मेसमध्ये बातमी दिली. व्रत म्हटल्यावर मेसच्या महाराजांनी, म्हणजे आचाऱ्याने, अंबरीशच्या ताटातली कांद्याची भाजी काढून घेतली आणि उकडलेला दुधी वाढला. रविवारी सगळा मजला त्याच्यासमोर बसून खव्याची जलेबी खात होता. त्याने हात पुढे केला, तर महाराजांनी त्या हातावर एक केळं ठेवलं, आणि वर त्याला नमस्कार केला.

सोमवारी चारच्या सुमाराला सौमित्र आला आणि पलंगावर बसला.

"बड्डे, तू बोलता नहीं, इसलिए तुझी को बता रहा हूँ. मेघना ने ब्लॉक कर दिया."

अंबरीशने पुस्तकाकडे बोट केलं.

"हाँ, लिखा था. पूरी चिट्ठी लिखी थी. जवाब नहीं आया."

अंबरीशने कपाळावर हात मारला आणि सरळ दाराकडे बोट दाखवलं.

सौमित्र बघतच राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. "मतलब निकल जाऊँ? उसकी ज़िंदगी से? वाह गुरु! कित्ती बड़ी बात कह दी." आणि तो पाया पडून गेला.

झालं! त्या दिवसापासून खोलीबाहेर रांग. कोणाचं प्रेम, कोणाचे वडील, कोणाची नोकरी. अंबरीश दाराकडे बोट दाखवी आणि माणसं धन्य होऊन जात. पण जाण्याआधी प्रत्येक जण अर्धा तास बोले. गणित तसंच पडून. कागद काढून टाकावा तर सगळ्यांसमोर खोटा पडणार. बिचारा चारच्या आत आणि सातनंतर मिळेल तेवढं उरकत होता. पण सातनंतर कॅरम असे, आणि कॅरमला व्रताचं बंधन नव्हतं.

पेपरच्या आदल्या दिवशी, द्वादशीला, त्याने ठरवलं की आज काही झालं तरी आतून कडी. पावणेचारला तो कडी लावायला उठला आणि जिन्यावर टाळ वाजले.

टाळ! अंबरीशला वाटलं, आपल्याला भास होऊन राहिलेत. पण भासाच्या हातात पेटी नसते. व्हरांड्यात बारा बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे, पुरणपोळीचा डबा घेऊन, त्याची आई. मागे अनिमेष, आनंदाने फुललेला.

"सरप्राइज, भैया! व्रत पूरा हुआ तो उद्यापन तो होगा ना? मुझे विधि नहीं पता थी, तो आंटी जी को फ़ोन कर लिया."

"काहून रे, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?" प्रतिमाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वीस वर्षं म्हणत आली मी, हा पोरगा देवाला हात जोडत नाही. अन् इथे गुपचूप नेम करून राहिला!"

त्यांचा चेहरा पाहून खरं सांगून टाकावं, असं अंबरीशला अगदी आतून वाटलं. त्याने तोंड उघडलं. "आई, अगं उद्या..."

प्रतिमाताईंनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको! चार वाजले. उद्यापनाआधीच नेम मोडतो काय?"

त्याने वहीवर लिहून दाखवलं : उद्या पेपर आहे!

"माहीत आहे ना. म्हणून तर सगळ्या जणी देवाला सांगायला आलो. वीणाकाकू, काढा पेटी."

आणि मग तीन तास! अंबरीश खालच्या हॉलमध्ये मधोमध पाटावर, गळ्यात हार, तोंडाला कुलूप. सौमित्रने गिटार आणली. बादलीवर कोणीतरी ठेका धरला. गोंगाट थांबवायला आलेले वॉर्डनसाहेब दोन पोळ्या खाऊन झांजा वाजवायला बसले. सात वाजले तेव्हा सगळं हॉस्टेल गप्प झालं.

"चल, आता बोल," प्रतिमाताई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर मौन सोड."

"मला अभ्यास करायचा आहे," अंबरीश रडवेल्या आवाजात म्हणाला.

"क्या बात है!" वॉर्डनसाहेब गहिवरले. "सुना, लड़को? व्रत के बाद पहला शब्द, पढ़ाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

पेपर झाला. निकाल लागला. पास व्हायला अठ्ठावीस लागत होते, अंबरीशला अठ्ठावीस मिळाले. नेम फळला म्हणून आईने पेढे वाटले आणि गादी हॉस्टेलातच राहिली. जिंकला पठ्ठ्या!

फक्त एक झालं. वॉर्डनसाहेबांना मंडळ फार आवडलं. "हर गुरुवार यहीं आइए, बहनजी." आणि प्रतिमाताईंचंही मत पडलं की हॉस्टेलच्या हॉलमध्ये आवाज जसा घुमतो, तसा क्वार्टरमध्ये नाही.

त्यामुळे आता गुरुवारी दुपारी बारा बायका रांझीहून तिलवाऱ्याकडे निघतात आणि अंबरीश पुस्तकं घेऊन तिलवाऱ्याहून रांझीकडे. पहिल्या गुरुवारी दार रत्नाकररावांनी उघडलं. हातात चहा, चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं समाधान.

"अभ्यासाला आलो, बाबा. इथे शांत असतं ना आता."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीकडे मान केली. तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात कागद चिकटवलेला होता : मौन, सायंकाळी चार ते सात.

अंबरीश मुकाट्याने बसला. पुस्तक उघडलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग त्याला राहवेना.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "एक बोर्ड खेळायचा?"

रत्नाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि नुसतं दाराकडे बोट दाखवलं. त्याचा अर्थ अंबरीशला बरोबर कळला.