इंदूअक्कांचा राग साठवणारे नाना

आमचे शेजारी रामदास नाना गेल्या मे महिन्यात रोज सकाळी मुद्दाम चपला घालून स्वयंपाकघरात शिरायचे. फरशी नुकतीच पुसलेली असायची. नाना ऐटीत ओट्यापर्यंत जायचे आणि तिथे उभं राहून वाट बघायचे.

"डोया फुटनात का तुमना? आत्तेच फरशी पुसेल शे!" त्यांच्या पत्नी इंदूअक्का कडाडायच्या.

नाना खूश व्हायचे. खिशातला मोबाइल हळूच चाचपायचे आणि बाहेर येऊन मला सांगायचे, "आज चांगलं गावलं!"

हा काय प्रकार, ते कळण्यासाठी आधी नाना कळायला हवेत. नाना मूळचे धुळ्याकडचे. टेलिफोन खात्यातली नोकरी संपवून जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारी स्थायिक झाले. बडबड अखंड. नव्या यंत्राचा सोस इतका की कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या कॉलनीत सर्वांत आधी नानांच्या मोबाइलात आली. कशावरही शंका काढली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "सायन्स शे, भाऊ! सायन्स!"

पानाचा फोटो काढला की पिकाचा रोग सांगणारं एक ॲप त्यांना मिळालं होतं. असोद्याच्या एका लग्नात नानांनी मांडवाला लावलेल्या केळीच्या पानाचा फोटो काढला. ॲप म्हणालं, पालाशची कमतरता आहे. नानांनी मांडववाल्याला गाठून पालाशचं खत घालायला सांगितलं. पान प्लास्टिकचं होतं. सगळा मांडव हसला, पण नाना यंत्राच्या बाजूने उभे राहिले. "ल्हान शे ते आजून. शिकी ऱ्हायनं." दुसऱ्या वेळी त्यांनी चॅटबॉटला खानदेशी भरिताची कृती विचारली. त्याने वांग्यात टोमॅटो आणि गरम मसाला घालायला सांगितला. नानांनी अख्खी दुपार खर्चून त्याची शिकवणी घेतली. शेवटी त्याने माफी मागितली, तेव्हा कुठे नाना जेवायला उठले.

या सगळ्याला अक्कांचं उत्तर एकच असायचं, "हुं." नाना तासभर बोलणार, अक्का भाकरी थापता थापता "हुं" म्हणणार. त्यांचा संसार असा ठणठणीत चालला होता.

आणि मग अक्कांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. बोलणं जाईल.

वाचाउपचाराच्या मॅडमनी यावर एक तोड सांगितली. ऑपरेशनच्या आधी अक्कांचा आवाज भरपूर रेकॉर्ड केला, तर संगणक तो शिकून घेतो. पुढे टॅबवर अक्का जे टाइप करतील, ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल. मॅडमनी वाचायला वाक्यंही दिली. पहिलं वाक्य होतं, 'आज हवामान आल्हाददायक आहे.'

अक्कांनी चष्म्यातून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जळगावचं ऊन रस्ता भाजत होतं.

"मे महिनामा? दवाखानामा जावापहिले खोटं बोलू का मी?" म्हणून त्यांनी कागद परत केला. नाना गयावया करू लागले, पण अक्का हटल्या नाहीत.

म्हणून चपला. एरवी अक्का "हुं"च्या पुढे जात नसत, पण रागावल्या की भरभरून बोलत. नाना रोज नवी कळ काढायचे. वरणात साखर टाकायचे. जावेच्या हातचं भरीत कसं झकास होतं, ते अक्कांच्याच हातचं भरीत खाताना सांगायचे. ऑपरेशन जवळ येत होतं आणि नाना जिवावर उदार होऊन शिव्या खात होते.

एक दिवस नाना ओट्यावर वाकले आणि मोबाइल त्यांच्या खिशातून निसटून कणकेत पडला. अक्कांनी तो उचलला, त्यावर रेकॉर्डिंग चालू दिसलं आणि त्यांना सगळं उमगलं. मी नेमका तिथेच होतो.

"मना आवाज, आन् मलेच इचारं नही?" त्यांचा स्वर चढला नाही, म्हणूनच मला भीती वाटली. "उद्या कोनी मना आवाजमा मनी बहीनले फोन करीसन फसाडं मंग?"

मी तिथूनच मॅडमना फोन लावून दिला. अक्कांनी खोदून खोदून विचारलं, मग खुर्चीत बसून अटी घातल्या. आवाज टॅबच्या बाहेर जायचा नाही, कंपनीला तर नाहीच. नाना म्हणाले, कबूल. दुसरी अट, मी लिहीन तेवढंच यंत्र बोलेल, वरचा शब्द नाही. कबूल.

"आनि मी गयी का बठ्ठं बंद. मनामांगे त्याले बोलाडानं नही. मरीसन बी तुमनासंगे डोकं फोडत बसू का?"

नाना पिशवी उचलून भाजी आणायला निघून गेले. मी मागोमाग गेलो, तर कोपऱ्यावर उभे होते. पिशवी रिकामीच.

"भाऊ," ते म्हणाले, "मी इतलं बोलस ते कोनासाठे? ती हुं करस म्हनीसन." मला फार वाईट वाटलं. सायन्सचं नाव त्यांनी घेतलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी अक्कांना आत नेताना नाना स्ट्रेचरला धरून चालत होते. दाराशी थांबून म्हणाले, "तुनामांगे बठ्ठं बंद करसू. तू फक्त बाहेर ये." अक्कांनी मान हलवली.

अक्का बाहेर आल्या, बऱ्या झाल्या. घरी टॅब आला आणि वेगळीच पंचाईत झाली. अक्कांनी मॅडमची वाक्यं काही वाचली नव्हती, त्यामुळे यंत्र फक्त नानांनी साठवलेल्या रागावरच पोसलेलं! मी भेटायला गेलो तेव्हा अक्कांनी 'या, बसा, चहा घ्या' एवढंच लिहिलं, आणि टॅब असा खेकसला की मी दाराकडेच वळलो. मॅडम फोनवर म्हणाल्या, आवाज थोडा मऊ करता येईल. नाना म्हणाले, "हात लाऊ नका. तिनाच शे तो."

त्याच संध्याकाळी मी चहा घेत होतो आणि अक्का बराच वेळ एकेक अक्षर शोधत बसल्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अक्कांनीही लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं.

"रामदास," टॅब कडाडला.

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. अक्का गालात हसत पुन्हा लिहू लागल्या.

"मी कोठे घेतं नाव? मशीननी घेतं. मी जिती शे तवलग आयकी ल्या."

नाना त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवरच बसले. खांद्यावरच्या रुमालाने त्यांनी तोंड पुसलं, डोळे पुसले. मी चहा तसाच ठेवून उठलो.

"आखो एक डाव नाव ले," नाना अक्कांना म्हणत होते.