बावतीसभाऊंची तिसरी वायर

बावतीस तुस्कानो कुणाच्या घरी गेले की आधी मिक्सर उलटा करत, नमस्कार-चमत्कार मागाहून. भांडं काढून बाजूला ठेवायचं, मिक्सर आडवा घ्यायचा आणि बुडाला चिकटवलेली पाटी चष्मा कपाळावर चढवून वाचायची. व्होल्ट किती, वॅट किती, बनवला कुठे. तोवर चहा निवून जायचा. मग इस्त्री. मग टीव्हीची पाठ. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत एका डॉक्टरांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं, तिथे हे फ्रिजच्या मागे इतका वेळ रमले की बाईंनी शेवटी ताट तिकडेच नेऊन दिलं. यांनीही ते तिथेच, भिंतीला टेकून, चवीने खाल्लं.

मस्कतमध्ये रुवीला आमची विजेच्या सामानाची आयात करणारी कंपनी होती. मी सेल्समध्ये, कुडाळचा परब, तेव्हा जेमतेम तिशीचा. बावतीसभाऊ वसईचे, पन्नाशी ओलांडलेले. बाहेरून आलेला माल सरकारी मानकात बसतो की नाही, सोबतचा टेस्ट रिपोर्ट त्याच मॉडेलचा आहे की भलत्याच कुठल्याचा, हे बघायचं आणि कस्टम्सच्या कागदावर ‘नमुना तपासला’ याच्यापुढे सही करायची, हे त्यांचं काम. दुसरा कोणी असता तर गठ्ठ्याने सह्या ठोकून घरी गेला असता. हे खोक्यातून वस्तू काढायचे आणि स्क्रू-ड्रायव्हरने तिचं पोट उघडायचे. “कागद खोटं बोलतो रे परब,” म्हणायचे, “वायर नाही बोलत.”

त्यांचं खरं वैर होतं ते बॉलपेनशी. ओमानमधले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे आणि आपली माणसं गावाहून आणणार गोल पिनांचा मिक्सर. तो बसणार कसा? तर वरच्या भोकात पेन खुपसायचं, म्हणजे आतली झडप उघडते, आणि मग खाली दोन पिना दामटायच्या. कुठलाही मराठी माणूस मस्कतला उतरला की आठ दिवसांत कोणीतरी त्याला ही विद्या शिकवायचंच. बावतीसभाऊंच्या नजरेला ते पडलं की ते पेन जप्त करत. “वरचं भोक जीव वाचवायला आहे, पेन ठेवायला नाही!” असं ओरडत, आणि पिशवीतून नवा प्लग काढून तिथल्या तिथे बसवून देत. दार्सैतच्या कृष्णमंदिरात जन्माष्टमीच्या माळा लावताना हे ख्रिस्ती गृहस्थ पुजाऱ्यांशी भांडले. पुजारी म्हणाले, देव बघून घेईल. हे म्हणाले, “देवाला नको अर्थिंग, पण तुम्हाला लागतं ना!” अर्धा तास माळा बंद ठेवून सगळं जोडकाम स्वतः करून दिलं, प्रसाद घेतला आणि गेले.

इथपर्यंत सांगायला मजा येते. पुढचं सांगताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

त्या वर्षी मला बायकोला आणि चार वर्षांच्या सायलीला मस्कतला आणायचं होतं. फॅमिली व्हिसासाठी बढती हवी होती. आमचे ओमानी मालक, ज्यांना आम्ही अर्बाब म्हणायचो, ते म्हणाले, ईदच्या आधी एक्स्टेन्शन बोर्डांचा माल खपव, बढती देतो. मी जिवाचं रान केलं. मस्कतपासून तीनेकशे किलोमीटर आत, इब्री गावात कुट्टीभाई नावाचे मल्याळी दुकानदार होते, त्यांनी दोनशेच्या दोनशे बोर्ड घ्यायचं कबूल केलं. माल बंदरात आला. बावतीसभाऊंनी एक बोर्ड उघडून माझ्या टेबलावर ठेवला.

“हे बघ. बाहेर भोकं तीन, आत वायरी दोनच. अर्थिंगला काही जोडलेलंच नाही. नुसतं शोभेला.”

“पण रिपोर्ट आहे ना सोबत?”

“रिपोर्ट जुन्या मॉडेलचा. हे भलतंच पाठवलंय. परत जाणार.”

परत म्हणजे ईद गेली, बढती गेली, व्हिसा गेला. मी अक्षरशः हात जोडले. “भाऊ, पाया पडतो तुमच्या. सायली फोनवर मला काका म्हणायला लागलीय हो!”

त्यांनी स्क्रू लावून बोर्ड पुन्हा बंद केला. त्यांची मुलगी रोझी वसईला वाढली होती. दर दोन वर्षांनी दोन महिने बाप दिसायचा तिला, आणि आता ती कॉलेजात होती. “ते मला नको सांगूस,” म्हणाले. “मला ठाऊक आहे ते. पण सही होणार नाही.”

दोन दिवसांनी त्यांना ताप भरला आणि ते खोलीवर पडून राहिले. मी त्यांच्या खणातून फाइल काढली. कागदावर ‘कंपनीतर्फे’ एवढंच छापलेलं होतं, कोणीही सही केली तरी चालायची. मी केली. संध्याकाळपर्यंत माल सुटला आणि चौथ्या दिवशी इब्रीला पोचलासुद्धा.

ताप उतरल्यावर भाऊ आले, खण उघडला, माझ्याकडे पाहिलं.

“खलास?”

“खलास,” मी म्हणालो. मान वर करायची हिंमत नव्हती.

“कुठे गेला माल?”

मी कुट्टीभाईंचं नाव सांगितलं. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. वाटलं, आता हे अर्बाबकडे जाणार. आज जातील, उद्या जातील, म्हणून मी वाट बघत राहिलो. ते गेले नाहीत. बढती झाली, व्हिसा झाला, सायली आणि तिची आई आल्या. विमानतळावर पोरीने मला मिठी मारली तेव्हासुद्धा माझ्या मनात ती चिठ्ठीच होती. वाईट याचं वाटतं, की मला त्यात भाऊंचा राग यायचा.

मी त्यांना घरी कधी बोलावलं नाही. बायको म्हणायची, अहो, त्या बावतीसभाऊंना एकदा जेवायला आणा ना. मी म्हणायचो, नको गं, घर उलटंपालटं करून ठेवतील. जे भाऊ कुणाच्याही घरी बोलावण्याची वाट बघत नसत, ते माझ्या दाराशी कधी आले नाहीत. ऑफिसात मात्र रोज विचारायचे, “पोरगी रमली का?” मी ‘हो’ म्हणून फोन उचलायचो.

त्या दिवसांत त्यांनी एक नवीनच खूळ घेतलं. तिथे सुट्टी शुक्रवारची; गुरुवारी ऑफिस सुटलं की जडशी पिशवी खांद्याला लावून कुठेतरी जायचे आणि शनिवारी सकाळी डोळे चोळत कामावर हजर. विचारलं तर म्हणायचे, “जरा काम होतं.” चार-पाच महिने हे चाललं. ऑफिसात थट्टेला ऊत आला. बावतीसने दुसरा संसार थाटला म्हणे! हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

तीन वर्षांनी ते कायमचे वसईला गेले. निरोपाच्या समारंभात भाषण मीच केलं, मिक्सरचे, फ्रिजचे किस्से सांगितले. लोक पोट धरून हसले. भाऊही हसले.

त्यानंतर आणखी चार-पाच वर्षांनी मला कामासाठी इब्रीला जावं लागलं. कुट्टीभाई आता पिकले होते. चहा मागवून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “वो तुम्हारा बूढ़ा साब कैसा है? बोर्डवाला?”

“कोण बोर्डवाला?”

“अरे, वो हर जुम्मे को आता था ना!”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बोर्ड पोचल्याच्या पुढच्याच आठवड्यात भाऊ तिथे हजर झाले होते. कंपनीने पाठवलंय म्हणाले. दुकानाच्या मागे चटई टाकून दिवसभर एकेक बोर्ड उघडायचे, दोन तारांची केबल काढून तीन तारांची घालायचे, तपासायचे, बंद करायचे. केबल रुवीहून स्वतः वाहून आणायचे. जे बोर्ड विकले गेले होते त्यांच्यासाठी कुट्टीभाईंना सोबत घेऊन घरोघर गेले. ओमानी घरांत मांडी घालून कहवा प्यायले, खजूर खाल्ले आणि जाता जाता त्यांचे मिक्सरही उलटे करून आले.

“मैंने पूछा, ये गलती किसका है? बोला, मेरा. नमुना मैंने चेक किया था, मेरे से रह गया.” कुट्टीभाई हसले. “मैं बहुत चिल्लाया उसके ऊपर. चुपचाप सुन लिया.”

“सगळे दुरुस्त झाले?” मी कसंबसं विचारलं.

“तीन नहीं मिला. बहुत ढूँढा. आखिरी दिन रो रहा था बेचारा.”

परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. ते तीन बोर्ड कुठल्या घरात आहेत, मला आजही माहीत नाही. कुणाचं लहान मूल ओल्या हाताने जवळ गेलं नसेल ना, हा विचार मनात आला की जेवण जात नाही. भाऊंनी हे ओझं एकट्याने वाहिलं आणि मी त्यांच्यावर हसत होतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या डायरीतून नंबर काढून वसईला फोन लावला. त्यांनीच उचलला.

“कोण, परब? अरे वा! सायली कशी आहे? कितवीत गेली?”

“सातवीत. भाऊ, मी काल इब्रीला गेलो होतो.”

“हां. कुट्टी बरा आहे ना?”

“बरा आहे. भाऊ, मी...” आठ वर्षांची माफी मागायची राहूनच गेली. शेवटी त्यांनीच माझी सुटका केली.

“हे बघ, सुट्टीवर आलास की तिला वसईला घेऊन ये. तीन वर्षं एका गावात राहिलो, पण तुझी पोरगी मी कधी बघितलीच नाही रे.”

“आणतो, भाऊ. नक्की आणतो,” मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

शेजारच्या खोलीत सायली मैत्रिणीशी इंग्रजीत गप्पा मारत होती. तिला हाक मारून निदान भाऊंशी दोन शब्द बोलायला लावावं, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.