खेळाडू क्रमांक एक

आस्थापना विभागातल्या काकूंनी एकतीस वर्षांत एकही यादी चुकवली नव्हती. बास्केटबॉलच्या संघाची यादीसुद्धा आपण चुकवली नाही, असंच त्यांचं आजही म्हणणं आहे, आणि यादीवरून काकूंशी वाद घालायची हिंमत विद्यापीठात कोणाची नाही.

झालं असं, की विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ एकोणीस वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेला निघाला. मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून विद्यापीठाच्या नोकरीतली बाईच जायला हवी, असा नियम. क्रीडा विभागात माणसं तीन, आणि तिन्ही पुरुष. मग आस्थापना विभागाला पत्र आलं, की एक महिला कर्मचारी द्यावी. तिथे सर्वांत ज्येष्ठ काकू. काकूंनी उभ्या जन्मात बास्केटबॉलचा सामना पाहिला नव्हता. ज्या टोपलीत चेंडू टाकायचा तिला बूडच नसतं, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं आणि त्या व्यवस्थेबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं झालं नाही.

मुलींच्या प्रशिक्षक बाहेरून, मानधनावर यायच्या. त्या, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, जेवतानासुद्धा गळ्यातली शिट्टी काढत नसत. त्यांनी एका चिठोऱ्यावर तेरा नावं लिहून आणली. बारा मुली आणि तेराव्या खुद्द काकू.

"काकू, एवढं संगणकावर भरून टाका. आज शेवटचा दिवस आहे."

"कोणत्या क्रमाने?"

"कसंही भरा हो."

कसंही भरणं हा प्रकार आस्थापना विभागाला ठाऊक नव्हता. तिथे नावं एकाच रीतीने लागतात, ज्येष्ठतेनुसार. कोण कधी रुजू झालं तो क्रम. तिथला चहासुद्धा त्याच क्रमाने फिरतो आणि सर्वांत नव्या माणसाला तो गारच मिळतो. काकूंनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं. त्याखाली मुली, प्रवेशाच्या तारखेप्रमाणे. सर्वांत शेवटी, तेराव्या ओळीत, पाच महिन्यांपूर्वी अगदी शेवटच्या यादीत प्रवेश मिळालेली पोर आली.

तिला सगळे भिंगरी म्हणत. दिसायला एवढीशी, पण चेंडू हातात आला की समोरच्या पाचजणी तिच्यामागे फिरून फिरून दमायच्या. विभागीय स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात तिनेच तीन सेकंद उरले असताना चेंडू टाकला होता. संघ राष्ट्रीय स्पर्धेला चालला होता तो तिच्या जिवावर.

आता त्या फॉर्मवर, बारीक अक्षरात, पहिल्या बारा ओळी खेळाडूंच्या आणि तेरावी व्यवस्थापकाची असं लिहिलं होतं. काकूंनी ते वाचलं नाही. यादी कशी करावी याच्या सूचना त्या द्यायच्या, वाचायच्या नाहीत. पहिल्या ओळीत फॉर्मने विद्यार्थी नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा मात्र त्यांचा हात थबकला. रकाना रिकामा सोडणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणाचं लक्ष नाही याची खात्री केली, आणि आपला नोंदणी क्रमांक टाकला.

हो, त्यांना नोंदणी क्रमांक होता. एकोणिसाव्या वर्षी सुटलेलं शिक्षण काकूंनी तीन वर्षांपूर्वी गुपचूप पुन्हा धरलं होतं. बाहेरून बी.ए. घरी नवऱ्याला पत्ता नाही, विभागात कोणाला वास नाही. पास झाल्यावर पेढ्याबरोबरच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. फॉर्मने तो क्रमांक मान्य करून हिरवी खूण दाखवली, आणि आपल्याला कोणीतरी पहिल्यांदाच विद्यार्थिनी म्हटलं याचं त्यांना बरं वाटलं. तेराव्या ओळीत फॉर्मने अनुभव विचारला. काकूंनी 'पाच महिने' लिहिलं आणि यादी पाठवून दिली.

स्पर्धेच्या गावी संघ सकाळी पोचला. सामना चारला होता. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईने ओळखपत्रांचा गठ्ठा पुढे सरकवला. खेळाडूंची लाल, व्यवस्थापकाचं निळं. निळं ओळखपत्र भिंगरीच्या गळ्यात पडलं आणि लाल काकूंच्या.

मुली आधी हसल्या. सर्वांत उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, ती तर भिंतीला टेकून खालीच बसली. "काकू, तुम्ही पहिल्या पाचात आहात की राखीव?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची यादी उचलून दोनदा वाचली. "काकू, हे काय आहे?"

"यादी आहे. ज्येष्ठतेनुसार."

"तुम्ही खेळाडू आहात यात. आणि भिंगरी व्यवस्थापक."

यादी हातात घेऊन काकूंनी आधी क्रम तपासला. क्रम बरोबर होता.

"बदलून द्या," मॅडम टेबलावरच्या बाईला म्हणाल्या.

"यादी काल बंद झाली. बदल करायचा तर तुमच्या कुलसचिवांचं सहीचं पत्र लागेल."

एवढंच ना, म्हणून काकूंनी आपल्या विभागात फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली धाकटी लिपिक बसली होती.

"अगं, एक पत्र टंकून साहेबांची सही घे आणि लगेच पाठव."

"काकू, अर्ज आलाय का?"

"मी फोनवर सांगतेय ना."

"फोनवर कोणी काही सांगितलं तर करायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत. अर्ज आवकला येईल, तिथून टिपणी होईल, मग साहेबांकडे. तीन दिवस धरा."

"अगं, मी आहे. काकू."

"तेही तुम्हीच सांगितलंय. समोरचा स्वतःला कोणीही म्हणवून घेतो."

काकूंनी फोन ठेवला. राग यायला हवा होता, पण पोरगी इतकी तंतोतंत बोलली होती की त्यांना मनातून अभिमानच वाटला. तो त्यांनी मॅडमना सांगितला नाही.

आता सगळी वरात स्पर्धा अधिकाऱ्यांकडे गेली. अधिकारी वयस्कर, शांत, आणि नियमांच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालून ठेवणारे. काकूंना ते पाहताक्षणी आवडले.

"यादीतली एखादी खेळाडू आजारी असली," ते पान उलटत म्हणाले, "तर तिच्या जागी तेरावं नाव घेता येतं. मात्र ते नाव विद्यार्थ्याचं हवं. आणि आमच्या डॉक्टरांचा दाखला हवा. साडेतीनच्या आत."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सत्तावन्न वर्षांची बाई, तिला खेळायला अयोग्य ठरवायला डॉक्टरला असा कितीसा वेळ लागणार?

डॉक्टरीणबाईंनी काकूंचा रक्तदाब पाहिला. मग यंत्र हलवून पुन्हा पाहिला. नाडी मोजली, छाती ऐकली, गुडघे वाकवून पाहिले. "तुम्ही व्यायाम काय करता?"

"काही नाही हो. विभाग चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते."

"किती दिवस?"

"एकतीस वर्षं. मधे एकदा चालू झाली होती, पण मी बसले नाही, भरवसा नव्हता."

"छान. ठोका अगदी खेळाडूचा आहे."

"पण मला कसंतरी होतंय," काकू चिकाटीने म्हणाल्या. "इथे दुखतं, इथे."

डॉक्टरीणबाईंनी तिथे दाबलं. काकूंना लहानपणापासून गुदगुल्या फार. त्या इतक्या खळखळून हसल्या की बाहेर उभ्या असलेल्या मॅडमनी डोक्याला हात लावला.

तरी मॅडम हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना अर्ध्या तासाने पुन्हा तपासायची गळ घातली, काकूंना मैदानामागच्या जिन्याशी नेलं आणि शिट्टी वाजवली. काकू वर गेल्या, खाली आल्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. शिडी सोबत म्हणून धावत होती, ती सहाव्या फेरीला कठडा धरून उभी राहिली. काकूंनी तिची पाण्याची बाटली तिला वरून आणून दिली. अर्ध्या तासाने नाडी पाहून डॉक्टरीणबाईंनी नर्सलाही बोलावून दाखवली, आणि दाखल्यावर 'उत्तम' हा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली.

म्हणजे दुपारी तीन वाजता परिस्थिती अशी, की काकू आता नुसत्या खेळाडू नव्हत्या, तर सरकारी शिक्क्यानिशी तंदुरुस्त खेळाडू होत्या. अधिकाऱ्यांनी पुस्तक बघून सांगितलं, की तंदुरुस्त खेळाडूने गणवेशात बाकावर बसलंच पाहिजे. एकमेव जादा गणवेश कोणाचा, तर भिंगरीचा.

काकू तो आणायला कपडे बदलायच्या खोलीत गेल्या. भिंगरी बाकावर बसून आपला सात नंबरचा शर्ट नीट घडी घालत होती. बुटांच्या नाड्या तिने आधीच सोडल्या होत्या.

"तुम्हाला बसेल हा, काकू. बाहीखाली जरा सैल आहे." तिने शर्ट पुढे केला. "आणि चेंडू आलाच अंगावर, तर डोळे मिटू नका. लागत नाही एवढं."

"तू रागवली नाहीस?"

"रागवून काय करू? माझी आई आज कामावर सुट्टी टाकून टीव्हीसमोर बसलीय. तिला फक्त सांगायला हवं, की मी व्यवस्थापकाचा कोट घालून बसलेय ते बघू नकोस." हे म्हणताना ती हसायला गेली, पण ते काही तिला जमलं नाही.

काकूंना भडभडून आलं. एकतीस वर्षांत त्यांच्या याद्यांतल्या नावांनी कधी त्यांना स्वतःचा शर्ट काढून दिला नव्हता. त्या तशाच परत फिरल्या आणि तरातरा अधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेल्या. मागोमाग मॅडम, मुली, आणि अजून कौतुक न संपलेल्या डॉक्टरीणबाई.

"साहेब, आजारपण सोडून दुसरं कारण नाही का पुस्तकात?"

"आहे. अपात्रता."

"अपात्र कोण?"

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "जो विद्यार्थी नाही तो."

"मी आहे," काकू म्हणाल्या. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "बी.ए. करतेय. बाहेरून. ते राहू दे, पुढचं वाचा."

"किंवा जो विद्यार्थी लगतच्या परीक्षेत एखाद्या विषयात नापास आहे तो."

काकूंनी मान वर केली. भिंतीवरचं घड्याळ तीन वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. ही गोष्ट त्या घरी बोलल्या नव्हत्या, देवाजवळही त्यांनी ती जरा हळूच सांगितली होती.

"मग मी अपात्र आहे," त्या म्हणाल्या. "एका विषयात उडालेय."

"तोंडी सांगून चालणार नाही."

"तोंडी कोण सांगतंय?" काकूंना तेवढ्यातही ते लागलं. त्यांनी पुन्हा धाकटीला फोन लावला. "हे बघ, आता मी काकू म्हणून बोलत नाही. विद्यार्थिनी म्हणून बोलतेय. विद्यार्थ्याने मागितली तर गुणपत्रिकेची प्रत त्याच दिवशी द्यायची, हे शिकवलंय ना मी? परीक्षा विभागात जा आणि हा नोंदणी क्रमांक सांग."

धाकटीला नियम सापडल्यावर तिला कोण अडवणार? सहा मिनिटांत प्रत अधिकाऱ्यांच्या संगणकावर आली. त्यांनी ती वाचायला घेतली, आणि सवयीने मोठ्याने वाचली. "इतिहास, चौसष्ट. भाषा, एकाहत्तर. अर्थशास्त्र, अठ्ठावन्न." मग ते थांबले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, पुन्हा संगणकाकडे पाहिलं. "कार्यालयीन व्यवस्थापन, बावीस."

शिडीने तोंडावर हात धरला.

"पुस्तकात सगळं चुकीचं लिहिलंय हो," काकू म्हणाल्या. "मी खरं कसं करतात ते लिहिलं."

अधिकाऱ्यांनी ओठ घट्ट मिटून 'अपात्र' असा शिक्का उमटवला. मुलींनी जो कल्ला केला, तो ऐकून शेजारच्या दालनातला संघ बघायला आला, की हे सामन्याच्या आधीच काय जिंकले. शिडीने काकूंना चक्क उचललं. नापास झाल्याबद्दल कोणाचा इतका सत्कार झालेला डॉक्टरीणबाईंनी पाहिला नव्हता. भिंगरी मात्र तिथे नव्हती. तिला शिक्का पडल्याचं कळताच ती नाड्या बांधायला धावली होती.

अपात्र ठरलेल्या माणसाला मैदानात प्रवेश नाही, म्हणून काकू गॅलरीत जाऊन बसल्या. सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तोच फोन वाजला. नवरा होता. निवृत्त बसचालक, त्यामुळे फोनवरसुद्धा इंजिनाच्या आवाजावर मात करायची सवय.

"अगं, तुझ्या विभागातली ती धाकटी फोन करून रडत होती. म्हणाली, काकू नापास झाल्यात, त्यांना सांभाळून घ्या."

"हो. झालेय."

"ते राहू दे. तू बी.ए.ला बसलीस कधी?"

"तीन वर्षं झाली."

"म्हणजे ते रविवारचं जादा काम?"

"अभ्यास."

"आणि मी तीन वर्षं तुझ्या साहेबाला शिव्या घालतोय." बोलता बोलता त्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आला. "भाषेत एकाहत्तर म्हणे."

"हो."

"मी शेजाऱ्यांना सांगितलं. एकाहत्तरचं सांगितलं." मग त्याने आवाज पुन्हा चढवला. "राहिलेल्या विषयाची परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तिकडे काय करतेयस? घरी ये आणि पुस्तक हातात घे. स्वयंपाकाचं मी बघतो."

"संघ हरला की निघते."

खाली सात नंबरचा शर्ट दोघींच्या मधून निसटला, तिसरीला वळसा घालून उडाला, आणि चेंडू त्या बूड नसलेल्या टोपलीतून अलगद खाली आला. सगळी गॅलरी उभी राहिली. काकूही उभ्या राहिल्या आणि फोनमध्येच ओरडल्या. पलीकडून नवरा काय झालं म्हणून विचारत राहिला.

"काही नाही," काकू धापा टाकत म्हणाल्या. चौथ्या मजल्यापर्यंतच्या एकशे चव्वेचाळीस पायऱ्यांनी जे केलं नव्हतं ते या पोरीने केलं होतं. "तुम्ही आजचा स्वयंपाक एकट्यापुरताच करा."