टर्बोची कढई

बब्रुवान गुरुजींचं एक ठाम मत होतं. चूल, बैलगाडी आणि ऐकणारी दोन पोरं एवढं हाताशी असलं, की जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगता येते! परंड्याच्या शाळेत त्यांनी ग्रहण शिकवलं होतं ते दोन भाकरी आणि एका बॅटरीवर. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण मत काही सुटलं नाही. म्हणून नातवंडांचं भांडण त्यांच्यापुढं आलं, तेव्हा वरवर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मनातून ते खूश झाले.

भांडण मोटारींवरून होतं. हर्षाली सातवीत, शंभू पाचवीत. दोघांनी मोबाइलवर दोन स्पोर्ट्स कार पाहिल्या होत्या. जमिनीला पोट टेकतंय की काय अशा बुटक्या आणि डोळे वटारल्यासारखे दिवे असलेल्या. दोन्हींची इंजिनं बॉनेटखाली नव्हती, तर सीटच्या मागं, गाडीच्या पोटात होती. हर्षालीच्या पिवळ्या गाडीचं इंजिन स्वतःची हवा स्वतः ओढून घेणारं, नैसर्गिक श्वासाचं. शंभूच्या लाल गाडीला टर्बो. कुठली भारी, यावरून बहीणभावाचं बोलणं बंद झालं होतं. म्हणजे एकमेकांशी बंद. बाकीच्या घराशी ते दुप्पट चालू होतं.

गुरुजींनी आधी सोपा प्रश्न घेतला. इंजिन पोटात कशाला? शेजारच्या गोरोबाची बैल सोडलेली गाडी गल्लीत उभी होती. गुरुजींनी गल्लीतली सगळी पोरं तिच्या मागच्या टोकाला बसवली. गाडी उलाळ झाली, पुढची दांडी आभाळात गेली आणि पोरं घरंगळत खाली आली. मग सगळी पुढं बसवली. गाडी धुरजड झाली, दांडी मातीत घुसली. शेवटी मधोमध बसवली, तेव्हा गाडी एका हातानं तोलता आली आणि एका हातानं वळवताही आली. वजन मध्ये असलं, की गाडी सांगितलेलं ऐकते. पोरांना ते असं पटलं, की संध्याकाळपर्यंत गोरोबाच्या गाडीचं चाक ढिलं झालं.

या यशानं गुरुजींना जरा फुगवलं, हे मान्य केलं पाहिजे.

आता राहिला टर्बो. त्यासाठी गुरुजींनी आपला जुना विद्यार्थी चाँदपाशा याला बोलावलं. चाँदपाशाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि गुरुजींनी हाक मारली की हातातला ट्रॅक्टर तसाच पोट उघडा टाकून यायची त्याची रीत होती. त्यानं पोरांना सांगितलं, की इंजिन म्हणजे बंद डब्यातली चूल. चुलीला हवा लागते. साधं इंजिन आपल्या छातीनं ओढेल तेवढीच हवा घेतं. टर्बो काय करतो, तर बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवतो, आणि ते चक्र जास्तीची हवा आत कोंबतं.

"म्हणजे गेलेला धूर परत कामाला लावायचा?" गुरुजींनी विचारलं.

"बराबर, गुरुजी. एकदम फुकट."

गुरुजी आणि चाँदपाशा यांनी एकमेकांकडं पाहिलं. मास्तर आणि विद्यार्थी एकाच वेळी एकच विचार करत असले, की घरातल्या बायकांनी सावध व्हावं. पण त्या दिवशी कस्तुराबाईंना सवड नव्हती.

कस्तुराबाई म्हणजे गुरुजींच्या घरधनीण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या लेकीच्या, सोनालीच्या तान्हीचं बारसं होतं. अक्कलकोटकडून सोनालीच्या सासूबाई, रुद्रम्मा, चार बायकांना घेऊन येणार होत्या. आता या रुद्रम्मांनी सोनालीच्या लग्नात कस्तुराबाईंच्या खव्याचा पेढा खाल्ला होता आणि म्हटलं होतं, "गोड आहे." बस्स, एवढंच! ज्या बाईच्या खव्याला अख्खा तालुका नावाजतो, तिच्या पेढ्याला नुसतं गोड? साखरसुद्धा गोडच असते! कस्तुराबाईंनी ते शब्द तेव्हापासून मनात जपून ठेवले होते. बारशाला त्या असा पेढा करणार होत्या, की विहीणबाईंनी दुसरा मागून घ्यावा.

मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या खव्याच्या दोन भट्ट्या होत्या, दोन्हींना वेगळी धुराडी. बारशाच्या सकाळी दूध दोन कढयांत ओतलं गेलं. घरी पाहुण्यांची तयारी असल्यामुळं ढवळायचं काम नाइलाजानं गुरुजींकडं आलं. निघताना कस्तुराबाई दारात थांबल्या.

"अहो, फक्त ढवळायचं. शिकवायचं न्हाय."

गुरुजींनी मान डोलावली. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्या, तसा शेडच्या मागून चाँदपाशा सामान घेऊन आला.

एका भट्टीच्या धुराड्यात त्यानं पत्र्याच्या पात्यांचं चक्र बसवलं. चक्रावरून सायकलची चेन खाली घेतली, आणि चेनला लोहाराच्या भट्टीचा पंखा जोडून तो चुलीच्या तोंडाशी ठेवला. धूर वर जाताना चक्र फिरवील, चक्र पंखा फिरवील, पंखा जाळ वाढवील, जाळ धूर वाढवील. हीच शंभूची लाल गाडी. दुसऱ्या भट्टीला काहीच लावलं नाही. ती हर्षालीची पिवळी. गुरुजी तिच्यापाशी उलथनं घेऊन उभे राहिले, म्हणून पोरांनी तिच्या जाळाला आजोबांचा श्वास असं नाव दिलं.

पिवळ्या गाडीनं लगेच वेग घेतला. लाकूड सरकवलं की जाळ वाढे, ओढलं की उतरे. गुरुजी म्हणाले, बघा, हिच्यापाशी मागाल तेवढं आणि मागाल तेव्हा मिळतं. गाणंही कसं मोकळं म्हणतेय! हर्षालीनं भावाकडं असं पाहिलं, की जणू इंजिन तिनंच घरी केलं होतं.

लाल गाडी मात्र उभीच. चक्र अर्धा वेढा फिरे आणि विचारात पडल्यासारखं थांबे. चाँदपाशानं समजावलं, की टर्बोची ही खोडच आहे. आधी धूर जमायला पाहिजे. पाय दाबल्यावर जरा वाट बघावी लागते, मग गाडी एकदम जाते. शंभूला वाट बघवेना. त्यानं चुलीत तुरकाट्या कोंबल्या. चाँदपाशानं आणखी कोंबल्या. शिक्षणाच्या कामात हात आखडता घेऊ नये, म्हणून गुरुजींनीही दोन मुठी टाकल्या.

एवढ्यात घरून कस्तुराबाईंचा फोन आला. गुरुजींचे हात गुंतलेले, म्हणून हर्षालीनं घेतला आणि खरं तेच सांगितलं.

"आजी, आजोबांचा श्वास नीट चाललाय. चाँदपाशाकाकांच्यात मात्र दम येईना. पंखाच फिरना. काका म्हणायलेत, जरा वाट बघा, मग एकदम जाईल."

घरी त्या वेळी पाळण्याचा खिळा ठोकणं चाललं होतं आणि माइकवाला पोरगा हॅलो हॅलो करत होता. त्या गदारोळात कस्तुराबाईंच्या कानावर पडलं ते एवढंच: आजोबांचा श्वास... दम येईना... पंखा... एकदम जाईल!

त्यांच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली पडलं. ह्यांना दम लागलाय, एवढंच त्या म्हणाल्या. पण बातमीलाही टर्बो असतो. फाटकापाशी गुरुजींना ऑक्सिजन लागला. चौकात त्यांना सोलापूरला हलवायचं ठरलं. आणि कुर्डुवाडीच्या बसमधून रुद्रम्मा बाळाची कुंची सांभाळत उतरल्या, तेव्हा रसवंतीवाल्यानं त्यांना हळू आवाजात सांगितलं, की गुरुजी गेले, माणूस मोठा होता.

गोरोबानं पिकअप काढली. तीत कस्तुराबाई चढल्या, गल्लीच्या टोकाचे डॉक्टर चढले, स्टँडवर रुद्रम्मा आणि त्यांच्या चार बायका चढल्या. माइकवालाही चढला, कारण माणसं चढताना दिसली.

इकडं मळ्यात गुरुजी पोरांना हवा दाखवत होते. चुलीच्या तोंडाशी राख कशी आत ओढली जाते, ते जमिनीला गाल लावल्याशिवाय दिसत नाही. म्हणून उलथनं हर्षालीच्या हाती देऊन ते आडवे झाले होते. डोक्यापासून धोतरापर्यंत राखेनं पांढरे, धुरामुळं डोळे घट्ट मिटलेले. आणि नेमका त्याच वेळी टर्बो लागला.

चेन खडखडली. पंखा आधी गुणगुणला, मग ओरडला, मग असा घोंगावला, की शेडचे पत्रे थरथरले. जाळ कढईच्या वर आला. शंभू आनंदानं नाचायला लागला. "गेला! एकदम गेला!"

पिकअपमधून उतरताना कस्तुराबाईंना दिसलं ते हे: नवरा जमिनीवर निपचित, आणि शेजारी नातू नाचतोय.

त्यांनी जो हंबरडा फोडला, तो पंख्याच्या वर ऐकू गेला. गुरुजींनी दचकून डोळे उघडले, पण तोवर चौघांनी त्यांना उचललं होतं आणि डॉक्टर छातीवर हात ठेवून दाबायला लागले होते. गुरुजींना दिसत होतं, की कढईतलं दूध फुगून काठाशी आलंय. दर दाबाला त्यांच्या तोंडून अर्धाच शब्द निघे. "कढ... कढ... ढवळा..."

"काढा मागायलेत," रुद्रम्मा म्हणाल्या. "काढा द्या की ओ कुणीतरी."

चाँदपाशा चेन निसटवायला धावला. ती तापून लाल झाली होती. तो हात झटकत परत आला आणि उचललेल्या गुरुजींच्या कानाशी वाकून म्हणाला, की टर्बोला ज्यादा हवा सोडून द्यायचा एक वाल असतो. तो बसवायचा राहिला.

मग कढईच तो वाल झाली. दूध उसळलं, काठावरून ओसंडलं आणि पांढऱ्या धबधब्यासारखं चुलीत शिरलं. चर्र झालं, वाफेचा ढग उठला, पंखा कण्हत थांबला. शेडमध्ये एवढी शांतता पसरली, की दुसऱ्या कढईतलं दूध तळाला लागत असल्याचा वास सगळ्यांना स्पष्ट आला. ती ढवळायची सोडून हर्षाली कधीच आजोबांचे पाय धरून रडत बसली होती.

"मला खाली ठेवा," गुरुजी म्हणाले. "मला काही झालेलं नाही. मी शिकवत होतो."

कस्तुराबाईंना आनंदानं पुन्हा रडू आलं. पण ते अर्ध्यातच थांबलं, कारण त्यांची नजर कढयांकडं गेली. पिवळ्या गाडीचं दूध करपून गेलं होतं. लाल गाडीच्या कढईत तळाशी उरलं होतं ते तांबूस, दाणेदार, खव्यासारखं नसलेलं काहीतरी. त्यांनी नुसत्या बोटानं गुरुजींना शेडचं दार दाखवलं. गुरुजींना पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी कडक शिस्त कुणी लावली नव्हती.

दुसरं दूध मिळायला वेळ नव्हता. कस्तुराबाईंनी त्या तांबूस गोळ्यात साखर घातली, वेलदोडा घातला आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत तो परतला. विहिणीपुढं नाक कापलं जाणार, हे आता ठरलेलंच होतं. निदान ते वेलदोड्याच्या वासात कापलं जावं.

बारसं झालं. पाळणे म्हटले गेले, कानात नाव सांगितलं गेलं. पेढ्यांऐवजी चमच्यानं ते तांबूस प्रकरण वाटलं गेलं, तेव्हा गुरुजी खांबाआड उभे होते. रुद्रम्मांनी एक घास घेतला. डोळे मिटले. कस्तुराबाई जमिनीकडं बघत राहिल्या.

"कुंदा केलाय की ओ!" रुद्रम्मा म्हणाल्या. "बेळगावला माझ्या आईच्या हातचा असाच असायचा. लग्नानंतर असा खाल्लाच न्हाय बघा." आणि त्यांनी वाटी पुढं केली. आणखी मागितला! एकदा नव्हे, दोनदा.

शंभूनं लगेच जाहीर केलं, की टर्बो जिंकला. हर्षालीचं म्हणणं, अर्धं दूध चुलीत सांडणाऱ्याला जिंकला म्हणत नाहीत. त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, तेवढाच गुरुजींच्या शिकवण्याचा फायदा. ते खांबाआडून बाहेर आले, छाती जरा पुढं काढून.

रुद्रम्मांनी त्यांनाच गाठलं. पहिल्या वाढदिवसाला अगदी असाच कुंदा पाहिजे, म्हणाल्या. जाळ किती ठेवला, आटवला किती वेळ, खाली कधी उतरवला, नीट समजावून सांगा, तुम्ही तर मास्तर.

गुरुजींनी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारत होतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ना चूल होती, ना बैलगाडी.

कस्तुराबाईंनी विहिणीच्या वाटीत तिसऱ्यांदा कुंदा वाढला.

"ते लई अवघड हाय, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "त्याला आधी ह्यांचा श्वास अडकावा लागतो."