निकाल झाकणारे बेलसरे सर

मॅच संपल्यावर बेलसरे सरांना स्कोअर सांगायचा नाही, हा आमच्या कार्यालयाचा पहिला नियम. "निकाल नको! आधी खेळ बघू द्या," असं ते ओरडतात. भाचीचं लग्न ठरल्याचा पेढा मी हातावर ठेवला, तेव्हाही म्हणाले, "थांबा. मुलगा काय करतो ते आधी. ठरलं की मोडलं, ते नंतर."

याचं मूळ त्यांच्या कामात आहे. डॉक्टरांवर हलगर्जीपणाचा दावा झाला, की भरपाई बहुधा विमा कंपनी देते. अशा मिटलेल्या दाव्यांचा अभ्यास आमची छोटी संस्था करते. मी तिथली व्यवस्थापक. डॉक्टर चुकला का, हे फाइल वाचून सर ठरवतात; त्यांना ती देण्याआधी रुग्णाचं पुढे काय झालं तो शेवट मी कागद चिकटवून झाकते.

"रुग्ण दगावला हे कळलं ना बाई, की प्रत्येक डॉक्टर गुन्हेगार दिसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी सुमनताई येरवड्याच्या एका रुग्णालयात साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यांचं हृदय थांबलं आणि त्या गेल्या. मुलाने दाव्याची तयारी केली. सरांनी सगळे कागद माझ्या टेबलावर ठेवले.

"झाका."

"अहो सर, तुम्हाला ठाऊक आहे की."

"झाका म्हटलं ना."

मी झाकलं. वाचून म्हणाले, "डॉक्टर चुकलेला दिसत नाही. पण मी नवरा, माझं मत बाद. बाहेरच्यांना द्या." बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी नावं काढलेली तीच फाइल वाचली. त्यांनाही चूक सापडली नाही. सरांनी दाव्यावर सही करायला नकार दिला.

"बाबा, तुम्ही आईच्या बाजूने आहात की त्यांच्या?" मुलाने सगळ्यांसमोर विचारलं.

नंतर एका दुपारी मला सोबत घेऊन ते त्या डॉक्टरांच्या विश्रांतवाडीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते. आम्हाला पाहून उभेच राहिले.

"वकिलांनी मला बोलायला मनाई केलीये."

"सगळ्यांनाच करतात," सर म्हणाले. "दावा नाही करत मी. एकच विचारायचंय. भूल देण्याआधी ती काही बोलली का?"

डॉक्टर हळूहळू खाली बसले.

"माझे हात गार लागले त्यांना. म्हणाल्या, डॉक्टर, सकाळपासून काही खाल्लंत की नाही?"

सर खुर्चीत जरा सैलावले.

"म्हणजे घाबरली नव्हती," ते म्हणाले.