रॉकेटबाबत हरकती मागवणारे देवमनकाका

रॉकेट उडवायला तुमची काही हरकत आहे का, असं तुम्हाला कधी कोणी विचारलंय? नाही ना? मला विचारलंय. ढाणकी गावात, बाजाराच्या दिवशी, आमच्या बुद्धविहाराच्या सूचनाफलकावर.

चार टाचण्या लावलेला कागद होता. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, एक खासगी कंपनी पूर्व किनाऱ्यावरून अवकाशात रॉकेट सोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करीत आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.' खाली सही: देवमन भगत, सेवानिवृत्त अव्वल कारकून.

देवमनकाका आमचे शेजारी. सगळी नोकरी तहसीलच्या परवाना शाखेत गेली. दिवाळीत फटाक्यांचं दुकान लावायचं असो की जत्रेत पाळणा, कागद त्यांच्या टेबलावरून जायचा. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, कागद सुटला नाही. स्वतःच्या गच्चीवर पापड वाळवायचे तरी ते माझ्या आईला अर्ज देतात, कारण पापडांवर बसणारे कावळे आमच्या हद्दीतून येतात. आई म्हणते, "वाळवा ना भाऊजी, कायले इचारता?" त्यावर काका गंभीरपणे म्हणतात, "वहिनी, तोंडी परवानगीले काई अर्थ नसते. कागदावर द्या."

आता माझ्याबद्दल. आमच्या घरी आजोबांनी चळवळीची पत्रकं वाटली, बाबांनी छापली आणि मी त्यांवरच अक्षरं गिरवली. त्यामुळे मला निषेध करता येतो, पण नेमका कशाचा ते मागाहून ठरवावं लागतं. हरकत घ्यायचं अधिकृत आमंत्रण मिळण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. दोन दिवसांत अकरा पानं लिहिली. मथळा: 'आकाश कोणाच्या बापाचं?' शेवटी सात मागण्या. त्यातली चौथी गावात मुलींच्या वसतिगृहाची होती. रॉकेटशी तिचा काही संबंध नव्हता, पण मागणी जुनी होती.

काकांनी सुनावणीची नोटीस काढली. मधल्या भिंतीवरून हात लांबवून ती मला दिली आणि पोच म्हणून सही घेतली.

सुनावणी त्यांच्या ओसरीत झाली. मला प्लास्टिकची खुर्ची, त्यांना स्टूल, दोघांना चहा.

"बोल, पत्रकवाली."

"काका, रॉकेटचे तुकडे शेवटी गरिबाच्याच डोक्यावर पडणार!"

"थे कुठं पडतीन हे आधी लिहून द्या लागते. समुद्रात. जहाजाईले, इमानाईले अगोदर कळवा लागते."

"आणि कोणाचं नुकसान झालं तर?"

"त्याचा इमा काढा लागते. फटाक्याच्या दुकानावानी बालटीभर रेती ठेवली का झालं, असं नाही थे. परवानगीशिवाय काडी पेटत नाही तिथं."

"हे परवाने भांडवलदारांच्या सोयीसाठी असतात!"

"मंग परवानाच नसता तं कोनाची सोय झाली असती?"

अकराही पानं चाळून पाहिली. मग मी चहा प्यायले.

"पण काका, हे नियम तुम्हाला इतके पाठ कसे?"

काकांनी फाइल उघडली. उमरखेडहून छापून आणलेले नियम, लाल शाईच्या रेघा, समासात बारीक अक्षरात शेरे: 'नकाशा जोडला काय? विम्याची प्रत?'

"प्रज्ञा हेच काम करते," ते म्हणाले.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. काकू गेल्यावर त्यांनी एकट्यानं वाढवलेली. तीन वर्षांपूर्वी ती बँकेची नोकरी सोडून हैदराबादच्या एका रॉकेट कंपनीत गेली, तेव्हा काकांनी तिला स्पीड पोस्टानं मुद्देनिहाय हरकत पाठवली. खासगीचा भरवसा काय, हा मुद्दा क्रमांक एक. तिनं फोनवर एवढंच कळवलं: 'बाबा, मी तुमचंच काम करते. फक्त टेबलाच्या पलीकडून.' सरकारकडे जाणारे कंपनीचे परवानगीचे अर्ज तीच तयार करत होती. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

"गावाच्या हरकती मागवा असं नियमात कुठं दिसलं नाही मले," काका म्हणाले. "पन तिच्या कंपनीचं पेपरात वाचलं, तं मागवल्या. पोरीच्या कागदात काई उणं नको राह्याले."

"आणि आली फक्त माझी एक."

"दोन हायत. पयली माहीच. थे म्या अजून मागं घेतली नाही."

"मग घ्या ना मागे!"

"लोकाईचे ढीगभर अर्ज लिहून देल्ले, पोरी. हाच जमून नाही राह्यला."

मी पेन घेतलं. 'ज्याअर्थी प्रस्थापित व्यवस्थेने' असं लिहिलं, ते काकांनी खोडलं. त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलं, ते मी खोडलं. दुपार कलली तेव्हा कागदावर दोन ओळी उरल्या होत्या. 'प्रज्ञा, माझी हरकत मागे घेतो. वेळेवर जेवत जा.' मीही माझी हरकत मागे घेतली, चौथी मागणी तेवढी कायम ठेवून.

फोन करा, असं मी सुचवून पाहिलं. "हरकत कागदावर घेतली, तं कागदावरच मागं घ्या लागते," म्हणाले आणि पोस्टात गेले.

दहा दिवसांनी पाकीट परत आलं. वर शेरा: 'घेण्यास नकार'.

काकांनी तो चष्मा लावून वाचला. "बरोबर हाय तिचं," म्हणाले. "मागच्या पाकिटात काय होतं, तिले मालूम हाय." मग तेच पाकीट नव्या पाकिटात घातलं, पत्ता पुन्हा लिहिला आणि चपला शोधू लागले.

तुम्ही हैदराबादेत राहत असाल, आणि रॉकेटच्या परवानगीचे कागद करणारी यवतमाळ जिल्ह्यातली प्रज्ञा तुमच्या ओळखीत असेल, तर तिला एवढं सांगा: पोस्टमन पुन्हा आला की सही कर आणि पाकीट घे. आत दोनच ओळी आहेत.